सामाईक ड्राइव्हचे कारभारी

जगातली सगळी भांडणं सामाईक जागेवरून होतात, असं ठाम मत असलेले आणि तरी अख्खी नोकरी त्याच जागेत काढलेले गृहस्थ मी एकच पाहिले. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात सगळे विभाग आपल्या फायली ज्या सामाईक ड्राइव्हवर ठेवतात, त्याचे हे कारभारी. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊ मूळचे इथल्याच मोरिवली गावचे. कारखाने यायच्या आधीपासून त्यांचं घर तिथे आहे, आणि सर्व्हरची खोली त्या घराचाच एक खण असल्यासारखे ते चपला बाहेर काढून आत जातात. आत दोन सर्व्हर एकाच स्टोरेजवर चालतात. त्यांना ते थोरली आणि धाकटी म्हणतात. "एका चुलीवरच्या दोन जावा हायत या," ते समजावतात. "एक आजारी पडली का दुसरीनं उठून जेवण रांधायचं. पण दोघींनी एकदम टोपात पळी घातली, तर कालवण गेलंच समज." मोठ्या साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं आणि नवीन डिस्क मंजूर करून घेतल्या.

मेल पाठवणं त्यांना जमत नाही असं नाही, पटत नाही. कोणी ड्राइव्हवर पोराच्या बारशाचे फोटो ठेवले, की भाऊ चहाचा ग्लास घेऊन त्याच्या टेबलाशी नुसते उभे राहतात. चहा संपेपर्यंत फोटो गेलेले असतात. त्यामुळे आम्हीही हुशार झालो आहोत. आमच्याकडे 'बॉयलर तपासणी जुनी' हे फोल्डर उघडलं, की आत महाबळेश्वर निघतं.

दरवर्षी दिवाळीआधी भाऊ साफसफाई काढतात. टेबलोटेबली फिरून बजावतात आणि मग वापरात नसलेलं सगळं उडवतात. गेल्या वर्षी नेमके तेव्हाच खरेदी विभागातल्या मोहिनीचे वडील वारले, आणि ती उल्हासनगरला घरीच होती. कामावर परत आली तर तिचं 'जुने व्हॉल्व्ह' हे फोल्डर गायब. व्हॉल्व्ह कसले, त्यात वडिलांच्या आवाजातलं एकुलतं एक रेकॉर्डिंग होतं. फोन बदलताना तिने ते इथे ठेवलं होतं आणि जुना फोन देऊन टाकला होता.

ती भाऊंकडे निघाली तेव्हा मीही सोबत गेलो. "भाऊ, गलती माझीच आहे," ती म्हणाली, "पण पप्पांचा आवाज आहे हो त्याच्यात. दुसरीकडे कुठेच नाही."

कंपनीच्या जागेत घरचं सामान ठेवू नये, हे वाक्य भाऊंच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते त्यांनी गिळलं. उडवलेल्या फायलींच्या प्रती ड्राइव्ह काही दिवस राखतो आणि मग आपणहून पुसतो. ती मुदत संपत आली होती. भाऊ जेवायलाही उठले नाहीत. एकेक प्रत उघडून बघत राहिले, आणि दुपारी त्यांनी मोहिनीला हाक मारली.

रेकॉर्डिंगमध्ये एक म्हातारा सिंधीत बायकोला काहीतरी म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. एवढंच. मोहिनी रडू लागली. भाऊंनी ते तिला पेनड्राइव्हवर दिलं, "घरच्या कॉम्प्युटरवर पण ठेव," असं दटावलं, आणि मग म्हणाले, "परत एकदा लाव ना." त्यांना सिंधीतला एक शब्द कळत नाही.

ऐकून झाल्यावर ते खुर्चीत मागे रेलले. "माझा बापूस पण लय बोलायचा," ते म्हणाले. "सगळं ध्यानात हाय, काय काय बोलायचा ते. पण आवाज कसा व्हता, काय केल्या आठवत नाय."

मोहिनीने डोळे पुसले आणि आपल्या पप्पांचं हसणं त्यांना पुन्हा लावून दिलं.