वल्ह्याचं माप

येडगाव धरणाच्या फुगवट्यावर, भरतशेठच्या बोटिंगला तुम्ही कधी गेला असाल, तर सोमनाथला तुम्ही पाहिलेलं आहे. नारिंगी जाकीट घातलेला, लांब फळीवर ताठ उभा राहून एकाच वल्ह्यानं मागंपुढं फिरणारा सावळा, काटक माणूस. तुम्ही पाण्यात पडलात की तोच तुम्हाला जाकिटाला धरून वर ओढतो, आणि वर आल्या आल्या तुम्ही त्याला म्हणता, "भाऊ, एक फोटो काढा ना." आठ वर्षं तो हेच करत होता. जेट्टीपासून लाल पिंपापर्यंत जायचं, पिंपाला वळसा घालून परत यायचं. पिंपाच्या पुढं जायला शेठची मनाई. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो, हा नुसतेच फेरे काढत होता.

घर बोरी बुद्रुकला, गावाच्या जरा बाहेर. घराणं मेंढपाळांचं. बाप म्हस्कू जन्मभर मेंढरांच्या मागं चालला. दिवाळी झाली की सगळी भावकी कळप घेऊन माळशेज उतरायची आणि पावसाच्या आत वर यायची. पुढं म्हस्कूच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि चालणं थांबलं. राहिली पस्तीस मेंढरं, ती कांद्याच्या रानात खतासाठी बसवायची. थोरला मुलगा चाकणला कंपनीत लागला तो तिकडचाच झाला. मग सगळं सोमनाथच्या गळ्यात आलं. सकाळी बिबट्याच्या भीतीनं लावलेली जाळी काढायची, मेंढरं रानात घालायची, दहाला धरणावर, संध्याकाळी पुन्हा मेंढरं. चौतिसाव्या वर्षी माणसाला स्वतःचा म्हणून एक तास नसावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

समुद्र त्यानं एकदाच पाहिला होता, नऊ वर्षांचा असताना. त्या साली चारा कमी म्हणून कळप पार खाडीपर्यंत गेला होता. पोरगं तोंड उघडं टाकून बघत राहिलं. "पलीकडं काय हाय?" त्यानं विचारलं. म्हस्कू म्हणाला, "पलीकडं गवत न्हाई," आणि मेंढरं वळवली. सोमनाथचं मन मात्र तिथून वळलं नाही, ते तिथंच राहिलं.

तर अशा माणसाला एक दिवस मालवणकडून बोलावणं आलं. पुण्याचा सूरज म्हणून एक जण दर रविवारी धरणावर यायचा, त्यानं सोमनाथचा व्हिडिओ काढून तिकडच्या एका क्लबला पाठवला होता. क्लबला समुद्रावर फळी चालवायला शिकवणारा माणूस हवा होता, बारमाही, बायकोसह राहायला खोली देऊन. अट एवढीच की माघातल्या एका शनिवारी येऊन दोन परीक्षा द्यायच्या. आधी लाटेवर स्वार होऊन काठाला यायचं, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं दहा किलोमीटर जायचं. दोन्हीला मिळून वल्हं एकच, तेही स्वतःचं. आणि ते याच मापाचं का घेतलं, हे सांगायचं. ज्याला स्वतःचं माप काढता येत नाही तो पाहुण्यांचं काय काढणार, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं.

खरी मेख तिथंच होती. सूरजनं त्याला समजावून सांगितलं की लाटेला वल्हं आखूड लागतं. लाटेवर गुडघ्यांत वाकावं लागतं, वल्हं झटक्यात या बाजूचं त्या बाजूला न्यावं लागतं, लांब असलं की ते पायात येतं. लांबच्या पल्ल्याला मात्र वल्हं डोक्याच्या चांगलं वर पाहिजे, तरच पाठ ताठ राहते. आखूड वल्ह्यानं लांब गेलेला माणूस कमरेतून मोडतो. पात्याचंही तेच. रुंद पात्यानं एका हिसड्यात लाट पकडता येते, पण दोन तासांत खांदे भरून येतात. अरुंद पातं दिवसभर चालतं, पण ऐन वेळी हिसडा देत नाही.

शेठकडची वल्ही होती ॲल्युमिनियमची, हवी तेवढी लांब-आखूड होणारी. त्यांची कळ ढिली झालेली, जोर लावला की नळी सरकून आत जायची. ती परीक्षेला न्यायची म्हणजे हसं करून घ्यायचं. म्हणून सूरजच्या मदतीनं सोमनाथनं कार्बनचं एकसंध वल्हं मागवलं. मधल्या रुंदीचं पातं, हातात घेतलं तर पिसासारखं हलकं. ते मुद्दाम जास्त लांब येतं. आपल्या मापाला कापायचं आणि वरून मूठ चिकटवायची. लांब राहिलं तर पुन्हा छाटता येतं. आखूड झालं तर देवही वाढवून देत नाही.

मग त्यानं तीन बांबू तोडले. एक डोक्याच्या वर चार बोटं, एक वीतभर, आणि एक मधला, वर अंगठा केलेल्या मुठीएवढा. फुटक्या पिंपाची पाती कापून खाली बांधली आणि तीन आठवडे तिन्ही वल्ही पाण्यात घासली. लांब पल्ल्याची सोय होती, पण धरणावर लाट आणायची कुठून? मोटरबोट चालवणाऱ्या गेणभाऊला गळ घातली. गेणभाऊ म्हणाला, "राव, पब्लिक लाट नको म्हणून वरडतंय आन् तू लाट मागतोस?" तरी त्यानं जेवणाच्या सुट्टीत बोट पळवली. मागच्या लाटेवर सोमनाथ बारा वेळा आपटला. आलेल्या लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले. त्यानं दाद दिली नाही.

शेवटी माप ठरलं, मूठ आणि वर अंगठा. परीक्षेतलं उत्तर त्यानं बायकोला, आशाला, म्हणून दाखवलं. "लाटेला चार बोटं लांब, पल्ल्याला चार बोटं आखूड. दोन्हीकडं थोडं थोडं सोसायचं."

"म्हंजी संसारासारखंच की," आशा म्हणाली.

त्या मापावर त्यानं पांढरी चिकटपट्टी लावली, पण लगेच कापलं नाही. दोन दिवस डोळ्यांसमोर राहू दे म्हणून वल्हं दारामागं उभं करून ठेवलं.

बापाला त्यानं मेंढरांजवळ गाठून सगळं सांगितलं होतं. म्हस्कूनं ऐकून घेतलं, एका कोकराच्या खुरातला काटा काढला आणि तो उठून गेला. आठ दिवस त्या विषयावर चकार शब्द नाही. आई गजराबाई तेवढी भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "त्यांचं गुडघं असं, मेंढरांमागं कोन जानार?" कोणी जा म्हणेना, कोणी जाऊ नको म्हणेना. बापानं सरळ नाही म्हटलं असतं तर सोमनाथ भांडला असता, आदळआपट केली असती. पण गप्प बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं? धरणावर फेरा मारताना त्याला वाटायचं, हे पाणी, ही घरं, हे सगळं आपल्याभोवती जाळीसारखं लावलंय आणि कडी बाहेरून आहे.

बुधवारी दुपारी तो घरी आला तर मेंढरं जागेवर नव्हती. लोणीचा चुलतभाऊ बहिरू कळप हाकत रस्त्याला लागला होता. त्यानं लांबूनच हात केला. म्हस्कू लिंबाखाली बाजेवर बसला होता आणि त्याच्या मांडीवर ते काळं वल्हं आडवं होतं.

"मेंढरं दिली बहिरूला," म्हस्कू म्हणाला. "त्यो संबाळंल. आता तुझ्या पायात कायबी न्हाई. जा तू."

मेंढरं देणं म्हणजे म्हाताऱ्यानं स्वतःचे हातपाय काढून देण्यासारखं होतं. खाली वाकून बापाचे पाय धरावेत असं त्याला वाटलं आणि तो वाकलाही.

"थांब," म्हस्कू म्हणाला. "ही घे आधी."

त्या घरात एक रीत होती. मुलगा स्वतःचा कळप घेऊन वेगळा निघाला की त्याची काठी बापानं कापायची. माप कानापर्यंत, ना वर ना खाली. मुलानं त्या काठीला हत्यार लावायचं नाही. म्हस्कूची काठी त्याच्या बापानं कापली होती. थोरला चाकणला गेला तो काठी न घेताच गेला आणि ते म्हाताऱ्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"त्याला दिली न्हाई, म्हनून त्यो पाहुन्यावानी येतो," म्हस्कू म्हणाला. "तुला रिकाम्या हातानं धाडनार न्हाई. आठ दिस तेच चाललं व्हतं डोक्यात. तू आनलेली काठी नव्या तऱ्हेची, कापावी का न कापावी. मग म्हनलं, काठी ती काठी."

सोमनाथनं वल्हं हातात घेतलं. पातं खाली टेकवलं. वरची मूठ त्याच्या कानापाशी आली.

"तू पांढरी पट्टी लावली व्हतीस ती लई वर व्हती," म्हस्कू सांगत होता. "येवढ्या उंच काठीनं मानूस झाडाझुडपात अडकतो. मी कानापाशी घेतली. तुझा कान माझ्या भुवईला लागतो, पोराला मापाया टेप कशाला? पन आतून पोकळ निघाली राव. पोकळ काठ्या इकत्यात लोकं!"

लोखंड कापायची करवत बाजेखाली पडली होती. बाजूला हात-सव्वा हात लांबीचा काळा तुकडा, त्यावर पांढरी पट्टी तशीच. वरची मूठ म्हस्कूनं पक्की चिकटवली होती आणि धरायच्या जागी स्वतः कातलेल्या लोकरीचा गोफ इतका नेटका गुंडाळला होता, की त्याला अख्खी सकाळ लागली असणार.

दारात आशा उभी होती. तिला सगळी मापं पाठ झाली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"बराबर झाली का?" म्हस्कूनं विचारलं.

शनिवार तीन दिवसांवर होता. नवं वल्हं यायला दहा दिवस लागणार. कापलेला तुकडा पुन्हा सांधला तर सांधा लाटेत टिकत नाही, हे सूरजनं आधीच सांगून ठेवलेलं. सरावाची बांबूची वल्ही तर पहिल्याच लाटेत मोडली असती. आणि समोर म्हातारा, आठ दिवस विचार करून, मेंढरं देऊन, रीत पाळून मोकळा झालेला, डोळे बारीक करून उत्तराची वाट बघत होता.

"बराबर झाली, आबा," सोमनाथ म्हणाला.

आशानं त्याला चुलीपाशी गाठलं. "अवो, सांगा की मामांना."

"काय सांगू? तुमी मला सोडलं आन् त्याच हातानं अडकवलं, असं सांगू?"

आशानं चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढलं.

गुरुवारी सकाळी म्हस्कू फेटा बांधून तयार. आठ वर्षांत तो धरणावर एकदाही फिरकला नव्हता. आज म्हणाला, "जायच्या आधी ती काठी चालवतोस कशी ते बगू दे." सोमनाथनं त्याला मोटरसायकलवर मागं बसवलं. वल्हं म्हाताऱ्यानं स्वतःच्या मांडीवर धरलं, दुसऱ्या कोणाला देईना. जेट्टीवर भरतशेठ भेटला. "तुझी जागा भरली बरं का सोमवारपास्नं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, धंदा होता. शेठचं काही चुकलं नव्हतं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि सोमनाथला ओरडावंसं वाटत होतं.

तो फळीवर चढला. ताठ उभं राहून वल्हं टाकलं तर पातं पाण्याला जेमतेम शिवलं. मग तो वाकला. कमरेतून, खांदे पाडून, कांदे काढणाऱ्या माणसासारखा. फळी निघाली. काठावर गेणभाऊचा आ वासला.

"आरं सोमनाथ, त्या वल्ह्याला काय झा..."

"गेणभाऊ!" सोमनाथ एवढंच म्हणाला. गेणभाऊनं म्हाताऱ्याकडं पाहिलं, लोकरीच्या गोफाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

जेट्टीवरच्या खुर्चीत बसलेल्या म्हस्कूनं ऊन अडवायला कपाळावर हात धरला. "वाकून का चालवतोस रं?"

"समुद्रात असंच चालवत्यात, आबा!"

"आसं व्हय!" म्हस्कूचा चेहरा उजळला. तो गेणभाऊकडं वळला. "माप मी काढलंय. टेप न्हाई का काय न्हाई, भुवईवरनं. जाऊ दे त्याला लांब. बगू दे मला."

सोमनाथ लांब गेला. पहिल्या शंभर वल्ह्यांत कंबर धरली, दुसऱ्या शंभरात पाठीतून आग निघायला लागली. शनिवारी तो मालवणला परीक्षेला उभा राहणार होता, कारण न जाण्याची वाट बहिरू हाकत घेऊन गेला होता. तिथं विचारणार होते, हे माप का? त्याला एकच खरं उत्तर येत होतं आणि त्या उत्तराला गुण नव्हते. आत्ता त्याला फक्त पाठ सरळ करायची होती, एकदाच, क्षणभर. त्यानं वाकल्या वाकल्याच मान वळवून काठाकडं बघितलं. म्हातारा उठला तर बरं, घरी गेला तर बरं.

म्हस्कूनं गेणभाऊला चहा सांगितला, आणि खुर्ची ओढून पाण्याच्या आणखी जवळ घेतली.