लॅपटॉपच्या कपाळावरचं कुंकू

शाळेनं आमच्या मुलीला लॅपटॉप दिला, त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो. इथे बहारीनमध्ये, सलमाबादला आमच्या कंपनीचं गोदाम आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर मी हिशेब बघतो. मुलगी नुकतीच आठवीत गेली होती. लॅपटॉप शाळेचाच राहणार, मुलांनी तो घरी न्यायचा, अभ्यास आणि परीक्षा सगळं त्यावरच. पालकांच्या सभेत सुपरवायझर मॅडमनी हेही सांगितलं होतं, की मुलांच्या सुरक्षेसाठी त्यात एक सॉफ्टवेअर घातलं आहे. मी मान डोलावली. ते सॉफ्टवेअर नेमकं काय करतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

माझे वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कोकणातल्या एका बाजारगावच्या शाळेनं मला जे दिलं, त्यावर मी आज बहारीनमध्ये भात खातो. त्यामुळे शाळा म्हटली की माझे हात आपोआप जोडले जातात. मग ती शाळा कुठल्याही देशातली असो.

दसऱ्याला आम्ही रिफा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाटीपूजन करतो. त्या वर्षी दसरा गुरुवारी आला. ऑफिसातून येऊन मी अंघोळ केली, पंचा नेसला आणि उघड्या अंगानं पाटासमोर बसलो. पाटी होती कुठे? मुलीनं आयुष्यात पाटी धरलेली नाही. मी म्हटलं, हा लॅपटॉपच तुझी पाटी.

“अहो, मिटलेलाच ठेवा,” बायको म्हणाली. “वर तांदूळ पडले तर शाळेला भरून द्यावा लागेल.”

“पाटी कधी पालथी पुजतात का?”

मग मी मुलीला सरस्वती काढायला लावली. एकचे आकडे उभे-आडवे मांडून काढतात तीच. मी कागदावर काढून दाखवली आणि तिनं स्क्रीनवर बोटानं ओढून तशीच काढली. चांगली जमली होती. स्क्रीन विझू नये म्हणून तिनं काहीतरी बदल केला आणि लॅपटॉप पाटावर उघडा ठेवला. आम्ही निरांजन ओवाळलं, तिघांनी वाकून नमस्कार केला. वाकताना बायकोनं बघितलं, स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीकसा दिवा लागून गेला.

“बघा, देवीनं डोळा मिचकावला!”

“ते असंच करतं, आई,” मुलगी म्हणाली. “एव्हरीवन्स डझ.”

आम्ही हसलो. मग मी अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि लॅपटॉपला टिळा लावला. कपाळ कुठलं, तर स्क्रीनच्या वर, बरोबर मध्यभागी. पूजेचं कुंकू लगेच पुसायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. ते तिथेच वाळलं. शुक्रवार, शनिवार सुट्टीत मुलीनं त्यावरच गृहपाठ केला.

रविवारी ती शाळेतून आली ती दप्तर न उतरवता सोफ्यावर बसली. तिनं मुद्दाम कॅमेरा झाकला, असा तिच्यावर आरोप होता. शाळेच्या वस्तूशी छेडछाड. लेखी ताकीद मिळणार, ती कायम तिच्या रेकॉर्डवर राहणार आणि लॅपटॉप परत घेणार. सत्राची परीक्षा तोंडावर होती आणि ती लॅपटॉपशिवाय देता येत नव्हती.

“मी सांगितलं, इट्स कुंकू. आयटीचे सर म्हणाले, डोन्ट मेक स्टोरीज.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. “बाबा, तू जाऊन सॉरी म्हणशील ना? यू ऑलवेज डू.”

ती रागानं म्हणाली नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला शाळेत बोलावलं होतं. बुदैयाच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा बायको म्हणाली, “एक सांगू? आत गेल्यावर हात जोडू नका. खिशात घाला, मागे बांधा, काय वाटेल ते करा.”

“आणि नमस्कार?”

“गुड मॉर्निंग म्हणा. सगळं जग म्हणतं.”

सुपरवायझर मॅडमच्या खोलीत आयटीचे तरुण सर बसले होते. मॅडम शांतपणे, इंग्रजीत बोलल्या. त्यांनी त्यांची स्क्रीन आमच्याकडे वळवली. सगळी लाल. एक लाल फोटो, दुसरा लाल, तिसरा लाल. शुक्रवार-शनिवार असा सगळा लालेलाल गेला होता.

“आणि हा त्याच्या आधीचा,” आयटीचे सर म्हणाले.

फोटोत एक भलामोठा अंगठा पुढे येत होता. अंगठ्यामागे पंचा नेसलेला, उघड्या अंगाचा, पोट सुटलेला एक गृहस्थ होता. मी होतो तो. त्याच्या आधीच्या फोटोत आम्ही तिघं कॅमेऱ्यासमोर कोपरापासून हात जोडून वाकलो होतो.

मग बायकोनं तोंडावर पदर धरला. तिला हसू आवरत नव्हतं.

मी उजवा अंगठा वर करून टेबलावर पुढे धरला. “मॅडम, हा आमच्या मुलीचा अंगठा नाही. हा माझा. आमच्याकडे दसऱ्याला शिकण्याच्या साधनाची पूजा करतात. तिचं म्हणणं खरं होतं.”

मॅडमनी फोटो बघितला, माझा अंगठा बघितला आणि त्यांनाही हसू फुटलं. आयटीचे सर कानापर्यंत तांबडे झाले. “आय अ‍ॅम सॉरी, सर,” ते म्हणाले. ताकीद रद्द झाली. लॅपटॉप मुलीकडेच राहणार होता.

मी उठलो. थँक यू, थँक यू म्हणत होतो. हात वर निघालेच होते, बायकोनं डोळे वटारले म्हणून थांबले. आणि तेवढ्यात माझं लक्ष स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर गेलं. तिथं बारीक बारीक फोटो ओळीनं लागले होते. एकात मुलगी केस विंचरत होती. एकात ती वहीवर डोकं ठेवून झोपली होती. एकात तिच्या मागे बायको कपाटातून कपडे काढत होती.

मी परत खुर्चीवर बसलो.

“मॅडम, शाळा दुपारी सुटते. हे फोटो त्यानंतरचे आहेत.”

“लॅपटॉप चालू असला की सॉफ्टवेअर अधूनमधून फोटो घेतं. सगळ्या मुलांचे. सुरक्षेसाठी. सभेत आम्ही सांगितलं होतं.”

“सुरक्षा सांगितली होती. फोटो सांगितले नव्हते.”

शिक्षकासमोर मी पहिल्यांदाच मान वर करून ‘नाही’ म्हणत होतो. इंग्रजी अडखळत होतं, पण जे म्हणायचं होतं ते मला मराठीत स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, “आमच्या गावात गुरुजी घरी यायचे. मी शाळेत गेलो नाही की संध्याकाळी हजर. माझ्यावर त्यांचे फार उपकार आहेत. पण ते अंगणात उभे राहून हाक मारायचे. आईनं पदर सावरून ‘या’ म्हटल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही त्यांनी कधी. आमच्या घराला तर दारही धड नव्हतं. तुमची शाळा माझ्या मुलीच्या खोलीत येऊन बसली आहे आणि तिनं हाकही ऐकलेली नाही.”

मॅडमनी खालची पट्टी सरकवत आणखी काही फोटो बघितले. मग आयटीच्या सरांना त्यांनी विचारलं, “हे बंद करता येतं?”

“येतं, मॅडम. सॉफ्टवेअर घेतलं तेव्हापासूनच ते चालू होतं. बंद करा असं कुणी म्हटलं नाही.”

“यांच्या मुलीचं आत्ता करा. बाकीच्यांसाठी मला प्रिन्सिपलना विचारावं लागेल.”

पूर्वीचा मी असतो, तर ‘आमचं झालं ना’ म्हणून निघालो असतो. त्या दिवशी म्हटलं, “मग मीही विचारतो.”

घरी आल्यावर मी वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर, जमेल तशा इंग्रजीत, घडलं ते लिहिलं. अंगठ्याचंही लिहिलं, लाज सोडून. आधी हसणारे चेहरे आले, पण हळूहळू हसू थांबलं. एका बहारीनी आईनं लिहिलं, की घरात तिच्या मुली हिजाब काढून बसतात, आणि ते चित्र कुठल्या पुरुषाच्या स्क्रीनवर गेलं, हे शाळेनं तिला सांगावं. एक मल्याळी वडील म्हणाले, आमचं सगळं घर एकाच खोलीत, लॅपटॉप ठेवायचा तरी कुठे? आठवड्याभरात आम्ही बरेच जण प्रिन्सिपलांच्या खोलीत होतो. ती बहारीनी आई सगळ्यांच्या पुढे बसली. ती बोलली आणि मला फारसं बोलावंच लागलं नाही. निघताना मला म्हणाली, “यू स्टार्टेड, वी फिनिश. इंशाल्ला.”

प्रिन्सिपलनी वेळ मागितला आणि दिलेला शब्द पाळला. सगळ्या लॅपटॉपमधलं ते फोटोचं काम बंद झालं. सुपरवायझर मॅडमनी पुढच्या सभेत उभं राहून, काही न लपवता, काय होत होतं आणि आता काय होणार नाही ते सांगितलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. साठलेले फोटो पुसताना पालक हजर असावेत असंही ठरलं. मी गेलो, बहारीनी आई आली, आणि मधल्या सुट्टीत आमची मुलगीही येऊन उभी राहिली.

आयटीच्या सरांनी तिचं फोल्डर उघडलं, सगळे फोटो निवडले आणि खुर्ची मागे सरकवली. “तूच दाब.”

तिनं दाबलं. फोटो गेले. सर पुढच्या नावाकडे वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, “सर, रिसायकल बिन?”

सर हसले. त्यांनी बिन उघडलं. फोटो खरंच तिथे होते.

“अँड बॅकअप?” ती म्हणाली.

बहारीनी आईनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं. सर मुकाट्यानं दुसरी खिडकी उघडून बॅकअप शोधू लागले. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी मुलगी हलली नाही. दोन्ही हात टेबलावर टेकून, स्क्रीनवरची नजर न काढता, ती शेवटचा फोटो जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.