पीटरच्या नावाचा ठसा

माझा नवरा राजन जहाजं तपासतो. नांगराच्या साखळीची कडी न् कडी हातोडीनं वाजवून बघतो आणि पास झालेल्या कडीवर पोलादी ठसा ठोकतो. ठसा मात्र पीटरचा. पीटर हॉलंडचा, कंपनीचा इथला, आखातातला सर्व्हेअर. युरोपातून साहेब पाठवायचा आणि इथं नेमलेल्याला कितीही वर्षं झाली तरी असिस्टंटच ठेवायचं, ही त्या कंपनीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. डेक तापला की साहेब एसीत आणि ठसा राजनच्या खिशात. मी भांडले की हा म्हणायचा, "जाऊ दे गं, प्रमिला." त्या 'जाऊ दे'नं माझं डोकं फिरतं.

मार्चमध्ये एका जहाजाच्या साखळीला गंज दिसला. राजननं पीटरला फोन केला, "या कड्या बदलायला हव्यात."

"नेक्स्ट टाइम, हबीबी. यल्ला, स्टॅम्प इट."

आणि यानं ठोकला! नाव त्याचं, तर निर्णयही त्याचाच, असं म्हणे याला वाटलं.

जूनमध्ये फुजैरासमोर तीच साखळी तुटली. सुजीत नावाच्या खलाशाचा पाय तिच्यात सापडून कायमचा गेला. मुख्य ऑफिसचा माणूस चौकशीला आला, तेव्हा पीटर साळसूदपणे म्हणाला, साखळी राजननं तपासली होती.

"हो, मीच," राजन म्हणाला. "आणि ठसे इतकी वर्षं मीच ठोकतोय. सगळ्या जहाजांवर."

चौकशीवाल्याचा चेहरा उतरला. दुसऱ्यानं ठोकलेला ठसा बाद. म्हणजे ती सगळी जहाजं पुन्हा तपासायची! लगेच पीटरला आठवलं, की आपण तिथं हजर होतो. कड्या उत्तम होत्या, समुद्रच खवळला होता. चौकशी खलास. राजनची नोकरी शाबूत, फक्त तोंड बंद ठेवायचं.

आमचा व्हिसा, अल नहदातला फ्लॅट, आमच्या लेकीची, केयाची शाळा, सगळं त्या नोकरीवर. तरी मी म्हटलं, "या वेळी 'जाऊ दे' म्हणालास ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

त्यानं गाडीची किल्ली घेतली, मीही सोबत गेले. हॉस्पिटलात सुजीतच्या खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "चेन मैंने पास की थी. जंग लगा था. मुझे पता था."

सुजीत कोपरावर उठला आणि त्यानं राजनच्या कानाखाली वाजवली.

राजननं मान खाली घातली नाही. मला मात्र संताप आवरेना. त्या थपडेत पीटरचाही वाटा होता, आणि तो सुट्टीवर ॲमस्टरडॅमला गेला होता.