लवू नागवेकरांना हवी असलेली शांतता

त्र्याऐंशी साली लवू नागवेकर बोटीवरची नोकरी संपवून मांडवीच्या घरी परतले ते एकच हट्ट घेऊन: आता शांतता हवी. उमेदीची सगळी वर्षं इंजिनघरात यंत्रांना तेल घालण्यात गेली. शेजारच्याशी बोलायचं तरी त्याच्या कानाशी ओरडायचं! मग म्हातारपणी दुपारी निवांत पडावंसं वाटलं तर चुकलं काय? पण नशीब बघा. कुंपणापलीकडे येसूबाईने मिरची कांडायचा डंक बसवलेला. बारा महिने कांडण चालू, आणि चैत्र लागला की अख्ख्या आळीचा मसाला तिच्याकडे. धाड, धाड, धाड! वर रस्त्यावरच्या रिक्षांची फटफट.

लवूंनी डोक्यात राख घालून घेतली. खिडक्यांना ओली गोणपाटं टांगली. कुंपण काढून चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत घातली, भिंतीलगत अडुळसा आणि निरगुडी दाट लावली. विहिरीच्या रहाटाला तेल, दाराच्या बिजागऱ्यांना तेल. बायकोच्या, सावित्रीबाईंच्या, हातून भांडं वाजलं की "हळू गो!" त्या बोलायला लागल्या की "गप्प बस ना जरा!" बिचारी बाई स्वतःच्याच घरात चोरपावलांनी वावरायला लागली.

तरी यांना चैन नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात रोज भिंतीशी उभं राहून भांडण. शेवटी येसूबाई वैतागली. "घ्या भावजी, एकदाची तुमची शांतता," म्हणाली, आणि डंक टेम्पोत घालून शिरगावला भावाकडे घेऊन गेली.

त्या दुपारी लवू खुशीत आडवे झाले आणि लगेच उठून बसले. कुठेतरी बारीक शिटी वाजत होती. थांबतच नव्हती.

"रेडिओ चालू ठेवलास काय गो?"

"नाही हो."

लवूंनी विजेचं मेन बटण बंद केलं. बागेतली झुडपं हलवून किडे शोधले. भिंतीला कान लावला. शिटी चालूच.

"तुला ऐकायला येत नाही?"

"काहीच नाही. किती शांत वाटतंय आज!"

"बहिरी झालीस काय?" लवू कडाडले आणि रागाने दोन्ही कानांत बोटं घातली. शिटी आणखी वाढली.

शिटी कानातच होती. इंजिनघरानेच ती दिलेली, आणि इतके दिवस डंकाने आणि त्याच्यावरच्या रागाने तिला झाकून ठेवलेलं.

तसेच चपला अडकवून त्यांनी शिरगाव गाठलं. "येसूवयनी, डंक परत आणा. हात जोडतो."

येसूबाई हसली नाही. "आता नाय जमायचं, भावजी. इथे माझं बरं चालेल. कोण भांडायला येणार नाय."

लवू घरी आले तेव्हा सावित्रीबाई आवाज न करता रातांबे फोडत होत्या. ते समोर बसले.

"काहीतरी बोल गो."

सावित्रीबाई घाबरल्या. "काय बोलू?"

"काहीही बोल," लवू म्हणाले, "पण थांबू नको."

सावित्रीबाईंनी तोंड उघडलं. बराच वेळ त्यांना काही सुचलंच नाही.