आधी फोन करा

आमच्या ऑनलाइन टॅली कोर्सच्या मॅडम परळच्या. बोलताना दर वाक्यानंतर चष्मा पुसायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी टॅली उघडलंच नाही. आमच्या जोड्या लावल्या आणि म्हणाल्या, "एकमेकींना फोन करा. आज डब्याला काय केलं, विचारा."

"मॅडम, शिकवणार कधी?" मी विचारलं.

"सुरू झालंय की," त्या शांतपणे म्हणाल्या.

माझ्या जोडीला आलेल्या शिवडीच्या एका बाईशी मी नाइलाजाने भेंडीवर बोलले. पुढे आई आजारी पडली आणि मी कोणालाही न सांगता कोर्स सोडला. त्याच संध्याकाळी शिवडीहून फोन आला. "काय गं, आज दिसली नाहीस? बरी आहेस ना?" मग रोजचा धडा ती फोनवर समजावत राहिली.

आई सावरल्यावर मी वर्गात परतले आणि जोडी लावून दिल्याबद्दल मॅडमचे आभार मानले.

"माझे कशाला?" त्या म्हणाल्या. "एवढ्या जणींत तुम्ही नव्हतात, हे मला कळलंही नव्हतं."