चावीवाल्या काकांचा तांब्या

चारकोपच्या आमच्या सेक्टरात आज जी मुलं कोरड्या चड्डीनं शाळेत जातात, त्यांतल्या निम्म्यांना त्यांच्या आईवडिलांनी नाही, आमच्या तळमजल्यावरच्या चावीवाल्या काकांनी कोरडं केलं आहे. यात अतिशयोक्ती असेल तर एवढीच, की उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीतही त्यांचा सल्ला घेतला गेला होता. काका पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. म्हणजे छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, आतला व्हॉल्व मोजून तेवढेच आटे फिरवायचा आणि एका गल्लीचं पाणी बंद करून दुसऱ्या गल्लीला सोडायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त होताना तोंड झिजलेली एक टाकाऊ चावी ते मागून घेऊन आले, ती अजून त्यांच्या दाराआड उभी असते. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. दिवसभर घरात एकटे काका, आणि वरच्या तिन्ही मजल्यांवर नवराबायको दोघंही नोकरी करणाऱ्यांची पोरं. ती पोरं त्यांच्याकडे आधी कुणी सोडली आणि काकांनी नेमकं हो कधी म्हटलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

काकांचं म्हणणं असं, की प्रत्येक गल्लीला जशी पाण्याची वेळ असते, तशी प्रत्येक मुलाला शूची वेळ असते. आईबापांना ती माहीत नसते, कारण ते मुलाकडे बघत नाहीत, मुलाच्या चड्डीकडे बघतात. नवीन मूल आलं की पहिले दोन दिवस काका काहीच करत नसत, नुसते घड्याळ आणि मूल आळीपाळीनं बघत बसत. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात वेळ पडे: सव्वादहा रिया, अकरा चाळीस सोहम. ती वेळ झाली की काका पुकारा करत. सुट्टीच्या दिवशी मूल आपल्या घरी असलं तरी खालच्या चौकातून आवाज येई, "दुसरो माळो, सवाअकरा." त्या आवाजानं मुलं तर उठतच, पण घरून काम करणारे दोन-तीन बापेही मुकाट जाऊन येत. एका वार्षिक सभेत सेक्रेटरी पार्किंगच्या विषयावर पाऊण तास बोलत होते आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होते. काका मागच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी, जाऊन येवा. पार्किंग खय पळान जाणा नाय." सेक्रेटरी गेले, परत आले, आणि तो विषय दोन मिनिटांत संपला.

माझा सोहम त्यांच्याकडे गेला तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि मी पार टेकीला आले होते. जूनमध्ये नर्सरी सुरू व्हायची होती आणि शाळेनं स्वच्छ सांगितलं होतं, डायपरमधलं मूल घेणार नाही. मोबाइलवरच्या आयांच्या ग्रुपमध्ये कुणाची मुलगी तीन दिवसांत शिकली, कुणाचा मुलगा दीड वर्षाचा असतानाच हात धरून बाथरूमकडे नेतो, असल्या गोष्टी वाचून माझी झोप उडाली होती. शेवटी मी एक बदकाच्या आकाराची पॉटी मागवली. तिच्यात शू पडली की ती गाणं म्हणे. पहिल्या आठवड्यात गाणं वाजलं की आम्ही नवराबायको हातातलं काम टाकून धावत जाऊन टाळ्या वाजवायचो, आणि ते दिवसातून पंधरा वेळा वाजायला लागल्यावर मला शंका आली. चोरून बघितलं तर आमचे चिरंजीव पेल्यानं तीत पाणी ओतत होते आणि शू खाली गालिच्यावर करून पॉटीतल्या पाण्याचं कौतुक करून घेत होते. मी रडकुंडीला येऊन काकांना सांगितलं. काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "हुशार आसा झील," ते म्हणाले. "आत्तापासून मीटर फिरवता."

त्यांनी बदक माळ्यावर टाकायला लावलं. स्वतः बाथरूममध्ये पाटावर बसायचे, पाय पुढे पसरायचे आणि कोकणात आजीबाया बसवतात तसं सोहमला आपल्या दोन पावलांवर बसवायचे. नळ अगदी बारीक सोडायचा, इतका की थेंबांची धार होईल न होईल, आणि मग गप्प राहायचं. घाई नाही, टाळी नाही, शाबासकीसुद्धा नाही. मी एकदा दारातून "कर ना रे राजा, कर ना" असं चालवलं होतं, तेव्हा त्यांनी मला हाकललं. "गो बाय, पाणी काय दम देऊन येता? लाइनीत प्रेशर इला की आपसूक येता." मे संपायच्या आत सोहम दिवसाचा कोरडा झाला.

काकांमध्ये एकच दोष होता, आणि तो सगळ्या इमारतीला माहीत होता. त्यांच्या हातून पाणी सांडायचं. त्यांच्याजवळ कायम एक पितळी तांब्या असे आणि तो दिवसाआड तरी कुणा मुलाच्या अंगावर, नाहीतर जमिनीवर लवंडे. संध्याकाळी मुलं घरी यायची ती बदललेल्या कपड्यांत आणि हातात ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन. "आजोबांनी परत सांडलं" हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर विनोदही शिळे झाले होते. जन्मभर अर्ध्या उपनगराला पाणी सोडलं, आता हाताला वळणच पडलंय, असं आमचे शेजारी म्हणत. मला त्यांची काळजी वाटे. वयोमानानं हात थरथरत असतील म्हणून मी त्यांना झाकणाची बाटली भेट दिली. त्यांनी फार आदरानं ती घेतली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली.

एकदा ऑफिसातून लवकर सुटले म्हणून मी दुपारीच सोहमला न्यायला गेले. दार उघडंच होतं. तिसऱ्या मजल्यावरची रिया खोलीच्या मधोमध उभी होती, फ्रॉकच्या खाली पायाशी थारोळं, ओठ थरथरत होता, आणि कोपऱ्यात खेळणारी बाकीची पोरं आता मान वळवणार एवढ्यात काका उठले. तांब्या उचलला. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. जितकं थारोळं होतं त्याच्या दुप्पट पाणी त्यांनी बेतानं तिच्या पायांवर सोडलं आणि मग मोठ्यानं म्हणाले, "अरे माझ्या कर्मा, तांब्यो सांडलो." पोरं हसली ती काकांना. रियाही हसली. काकांनी मला दारात पाहिलं आणि ते फडकं आणायला आत गेले. मी तशीच पायऱ्या चढून घरी आले आणि अर्ध्या तासानं, नेहमीच्या वेळेला, परत खाली गेले.

हे पाहूनही मी शहाणी झाले असं मात्र नाही. सोहम दिवसाचा कोरडा झाला, पण रात्रीचं काही केल्या जमेना. तीन झाली, चार झाली, पाचवं सरलं, तरी आठवड्यातून चार सकाळी गादी ओली. डॉक्टरांनी सांगितलं की काही मुलांना वेळ लागतो, रागावू नका, होईल. मला ते पटे, पण पहाटे पावणेसहाला ओली चादर काढताना पटत नसे. अशाच एका सकाळी मी चादर पिळली, बाहेरच्या गॅलरीतल्या दोरीवर टाकली आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "घोडा झालास तरी अंथरूण ओलं करतोस." दहा मिनिटांत बेल वाजली. दारात काका. गुडघ्यांमुळे ते कधीच जिना चढत नसत, आमच्या गृहशांतीलाही वर आले नव्हते. धापा टाकत ते सरळ गॅलरीत गेले, चादर काढली, आतल्या खोलीत पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरली आणि तिच्याशेजारीच बसले. मग त्यांनी मला सांगितलं. त्यांचे वडील गिरणीत होते. एका खोलीत अकरा माणसं ओळीनं झोपत, आणि काका नऊ वर्षांचे होईपर्यंत त्या ओळीत रोज कुणाचं तरी अंथरूण त्यांच्यामुळे भिजे. चुलता ती गोधडी समोरच्या सामायिक गॅलरीत वाळत घाली आणि चाळीतली पोरं शाळेत जाताना तिच्यावरचे डाग मोजत. "साठ वर्सां झाली, गो बाय," काका म्हणाले. "ती गोधडी अजून वाळूक नाय." हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

उतरण्यापूर्वी ते सोहमच्या खोलीत गेले. तो उशीत तोंड खुपसून पडला होता. काकांनी त्याला समजावलं ते असं, की सगळ्या घरांना पाणी एकाच वेळी पोचत नाही. काही घरं टाकीजवळ असतात, काही अगदी लाइनीच्या टोकाला. "तुझ्या पोटातली खबर डोक्याक पोचाक लांबची लाइन आसा. टोकाच्या घराक पाणी उशिरा येता, झिला. पण येता. मी सोडलेला आसा, माका ठावक." सोहमला हे डॉक्टरांपेक्षा जास्त पटलं. त्यानंतर तो रोज सकाळी शाळेला जाताना काकांच्या खिडकीशी थांबून हिशोब देई. "आजोबा, आज नाही पोचलं." काका म्हणत, "वाटेत आसतला."

त्याच वर्षी माझ्या नणंदेचं लग्न कुडाळजवळच्या गावी ठरलं. तीन रात्री मुक्काम, आणि सगळी चुलत-आते-मावस पोरं ओटीवर एका ओळीत झोपणार. सोहमनं येणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर पोट दुखतं म्हणे, आणि ते दुखणं लग्नाची तारीख कळल्यापासून सुरू झालं होतं. त्याला ठेवून जावं तर सख्ख्या आत्याचं लग्न, न्यावं तर ती ओळ. काकांनी त्याला बोलावून घेतलं आणि आपला पितळी तांब्या त्याच्या हातात दिला. रात्री भरून उशाशी ठेवायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी जाग आली आणि ओलं असलं तर लवंडायचा. कोरडं असलं तर पिऊन टाकायचा. मी म्हटलं, "काका, पोराला खोटं बोलायला शिकवताय." ते म्हणाले, "पाण्यार पाणी पडला तर खयचा कुणाचा ता देवाक पण कळणा नाय. आणि कळला तरी देव सांगूचो नाय." पहिल्या सकाळी तांब्या लवंडला. दुसऱ्या सकाळी पुन्हा लवंडला, आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की हा पोरगा बापावर गेलाय, धांदरट आहे. सोहमनं ते बिरुद मोठ्या समाधानानं मिरवलं. तिसऱ्या सकाळी मी ओटीवर गेले तर तो गादीवर मांडी घालून बसला होता, आणि शेजारी काठोकाठ भरलेला तांब्या. तो माझ्याकडे बघत सगळा प्यायला.

पुढे कोरड्या सकाळी वाढत गेल्या आणि सहाव्या वर्षी आम्ही गादीखालचं प्लॅस्टिक काढून टाकलं. त्यासाठी कुणी काही खास केलं नव्हतं. टोकाच्या घरी पाणी पोचलं, एवढंच.

यंदा काकांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. मुलगी येऊन पंधरा दिवस राहून गेली. ती गेल्यावर काका दिसेनासे झाले. गेटजवळच्या बाकावर बसणं बंद, चौकातला पुकारा बंद. मुलं मोठी झाली होती, त्यामुळे तो बंद झालेला कुणाच्या लक्षातही आला नाही. मी डबा घेऊन जाई तर दार अर्धंच उघडत आणि लवकर लावून घेत. खोलीला फिनेलचा वास येई. मला कळलं होतं, पण त्यांच्यासमोर ते कुठल्या तोंडानं बोलायचं ते कळत नव्हतं. सोहमच्या सातव्या वाढदिवसाला ते नकोच म्हणाले. सोहम स्वतः गेला आणि त्यांचा हात धरून, दर पायरीवर थांबत, वर घेऊन आला.

घरात वीसेक माणसं होती. काका दाराजवळच्या खुर्चीवर बसले, हसले, दोन मुलांना शाळेबद्दल विचारलं. केक कापायची वेळ झाली तसे सगळे टेबलाभोवती जमले आणि माझा नवरा म्हणाला, "काका, पुढे या, तुमच्याशिवाय सुरी लावणार नाही तो." काका उठले नाहीत. "आसांदे, हयसून दिसता," म्हणाले. दोघांनी आग्रह केला, एक जण हात द्यायला पुढे झाला. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी एकदा पाहिलेलं होतं, रियाच्या चेहऱ्यावर. सोहम केकसमोर उभा होता. त्यानं काकांकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली, टेबलावरचा पाण्याचा जग दोन्ही हातांनी उचलला आणि माणसांतून वाट काढत गेला तो थेट त्यांच्यापाशी. सगळा जग त्यांच्या मांडीवर. "सॉरी आजोबा," तो म्हणाला, "माझ्या हातून सांडलं."

त्याच्या बाबांनी त्याला वीस माणसांदेखत झापलं. धांदरट, मूर्ख, स्वतःच्या वाढदिवशीसुद्धा अक्कल नाही. सोहम खाली मान घालून उभा राहिला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मात्र खरोखरच थरथरत होता. मग ते नवऱ्याची पट्ट्यापट्ट्यांची ट्रॅक पँट घालून केकपाशी आले, आणि तो फोटो आमच्याकडे आहे. मी नवऱ्याला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. त्याला हे वाचूनच कळेल.

डॉक्टरांनी काकांना सांगितलंय की दर दोन तासांनी घड्याळाकडे बघून जाऊन यायचं, हळूहळू ताबा येईल. सगळ्या इमारतीच्या वेळा पाठ असलेल्या माणसाला स्वतःची वेळ पाळायला लाज वाटत होती. आता त्यांच्या कॅलेंडरवर सोहमच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात रोज दोन वेळा लिहिलेल्या असतात: चार आजोबा, सहा आजोबा. शाळेतून आल्यावर तो त्या सांभाळतो. बाकीच्या वेळा त्यांच्या त्यांनी बघायच्या, असं त्यांचं ठरलंय. काका पुन्हा गेटजवळच्या बाकावर बसायला लागलेत, पण तिथे आता त्यांच्याभोवती लहान मुलं नसतात. आमच्या इमारतीत सध्या कुणाकडे लहान मूल नाही. मी स्वयंपाकघरात असते, सहा वाजतात, आणि खालच्या चौकातून हाक येते, "आजोबा, तळमजला, सहा." मी खिडकीतून बघते. काका गुडघ्यांवर हात टेकून उठतात आणि मुकाट आत जातात.