एका हाताचं बियाणं: गडचिरोलीच्या धानात चार दिवस

पुण्यात आमचं आठ-दहा जणांचं एक मंडळ आहे. दरवर्षी जागतिक अन्न दिनाला, म्हणजे सोळा ऑक्टोबरला, आम्ही अशा एका माणसाचा सत्कार करतो, ज्याच्या कामामुळे कुणाच्या तरी ताटात दोन घास जास्त पडले. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि शेवटी साजूक तुपातला शिरा. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून एक काम माझ्या गळ्यात पडलं आहे. निवडलेल्या व्यक्तीला आधी घरी जाऊन भेटायचं, मानपत्राला लागणारी माहिती गोळा करायची आणि जमलं तर त्यांना सोबत घेऊनच यायचं. यंदाचं नाव होतं शेवंताबाई, गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. मंडळातलं कुणीच त्या बाजूला गेलेलं नव्हतं, त्यामुळे सल्ले मात्र भरपूर मिळाले. ते सगळे ऐकून घेतले आणि दहा तारखेला रात्रीच्या गाडीत बसले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून चंद्रपूरला थेट गाडी रोज नसते. मी वर्ध्याला उतरून पुढची गाडी पकडली. चंद्रपूर जवळ येतं तसे कोळशाचे ट्रक दिसायला लागतात, आणि स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी रुमालावर काळा थर येतो. जटपुरा गेटजवळ एका साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती, पंखा आवाज करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागा, मी मागितली नाही आणि मूल हे गाव येईपर्यंत पाणी पीत राहिले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा एकटीनं फिरायला ही चांगली वेळ आहे.

मूल सोडलं की कापूस संपतो आणि धान, म्हणजे आपल्याकडचं भाताचं पीक, सुरू होतं. मूलच्या राइस मिल, मग सावली, मग वैनगंगेवरचा लांबलचक पूल आणि पलीकडे गडचिरोली. माझ्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य होतं. दिसली ती बांध घातलेली धानाची शेतं, ज्यांना इकडे बांधी म्हणतात, मधे तलाव, आणि मग कडेला जंगल. बांध्या कुठे हिरव्या, कुठे पिवळट. त्या पिवळट रंगाचा अर्थ मला संध्याकाळपर्यंत कळायचा होता.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या बसमध्ये बसले. शेवंताबाईंचं नाव आम्हाला कळवणारे निवृत्त शिक्षक सुधाकरभाऊ फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे राहायची सोय नाही आणि उगाच गर्दी झाली तर शेवंताबाईंनाच चहा करावा लागेल. वाटेत भाऊंनी मला दोन गोष्टी बजावल्या. शेतावर एकटं जायचं नाही, कारण वाघ फिरतो आहे. आणि मोबाइलला रेंज हवी असेल तर तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, जायचं, गावात मिळत नाही. वाघाचं आणि रेंजचं त्यांनी एकाच सुरात सांगितलं.

शेवंताबाई साठीच्या पुढच्या, बारीक, ताठ. घरात त्या आणि त्यांची सून ज्योत्स्ना. मुलगा गडचांदूरला सिमेंट कारखान्याचा ट्रक चालवतो, सणाला येतो. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातल्या बारीक मासळीचा रस्सा होता. मी दोनदा भात घेतला तेव्हा कुठे बाईंचा चेहरा सैल झाला.

काम काय, तर बाई एक धान राखतात. गावात त्याला नुसता 'हलका' म्हणतात. भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान निघायला दिवाळी उजाडते. त्याआधीचे महिना-दीड महिना वाईट असतात. घरातला जुना तांदूळ संपलेला, रेशनचा महिनाभर पुरत नाही, मजुरीही मंदावलेली. बाईंचा हा 'हलका' या मधल्या दिवसांत हाताशी येतो आणि उंचावरच्या पाणी न थांबणाऱ्या जमिनीतही पिकतो. एका वर्षी बाजारातलं बियाणं उगवलंच नाही तेव्हा बाईंनी आपल्या कणगीतलं काढून घरोघर ओंजळीनं वाटलं. तेव्हापासून निम्मं गाव त्यांच्याकडूनच बी नेतं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं, मानपत्राचा मजकूर जमला म्हणून.

मग मी सोळा तारखेचं आमंत्रण दिलं. बाईंनी सुधाकरभाऊंकडे पाहिलं. मंडळी थट्टा तर करत नाहीत ना, असं त्या पाहण्यात होतं.

"सोळा तारखेले मी कशी येऊ? बी काढाचं हाय ना," त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. या धानाच्या दाण्याच्या टोकाला एक काळसर जांभळा ठिपका असतो. आजूबाजूच्या दुसऱ्या धानाची भेसळ त्यात शिरते, तिला तो नसतो. पण धान पूर्ण वाळलं की ठिपकाही विरतो आणि सगळे दाणे सारखे दिसतात. म्हणून लोंबी पिवळी पडायला लागल्यापासून वाळेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांतच बांधीत उभं राहून एकेक लोंबी पाहून बियाण्याची वेगळी काढायची. हे दिवस बरोबर ऑक्टोबरच्या मध्यावर येतात.

म्हणजे शेतकऱ्यांचा मान करायला आम्ही नेमका शेतकऱ्याला मान वर करायला सवड नसते तो दिवस धरला होता. आधीच्या तीन सत्कारमूर्तींनी न येण्याबद्दल दिलगिरीची पत्रं पाठवली होती आणि आम्ही त्यांच्या विनयाचं कौतुक केलं होतं. मला खरोखर लाज वाटली. मी म्हटलं, ज्योत्स्ना काढेल की तेवढे दिवस.

सुधाकरभाऊंनी सांगितलं की तसं चालत नाही. बी एकाच हातानं काढायचं असा इथला नेम आहे. दोघांनी काढलं तर प्रत्येकाची नजर वेगळी, आणि काही वर्षांत एका धानाची दोन होतात. ज्याचा हात, त्यानंच सुरू करायचं आणि त्यानंच संपवायचं. बाईंच्या सासूनं हात सोडला तो मरताना. ज्योत्स्ना नऊ वर्षं बाईंच्या मागून टोपली घेऊन चालते, पण तिनं स्वतः एक लोंबी तोडलेली नाही. यंदाचं काढणं अजून सुरू व्हायचं होतं, उद्या पहिला दिवस.

तेरा तारखेला सकाळी आम्ही शेतावर गेलो. दोन-तीन घरच्या बायका मिळून, मोठ्यानं बोलत, कारण वाघाला चाहूल लागलेली बरी. बाई म्हणाल्या, आज नुसती बांधी पाहू, बोहणीच्या चार लोंब्या काढू, खरी सुरुवात उद्या. मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवलं. ऊन कडक होतं. बाई लोंबी हातात घेत, सूर्याकडे धरत, फिरवत, मग तोडून मागे टोपलीत टाकत. मला वाटलं होतं काम भरभर चालत असेल, पण त्या एकेका लोंबीशी बराच वेळ थांबत होत्या.

आणि मग मला दिसलं. बाई पुढच्या रोपाकडे वळल्या की ज्योत्स्ना टोपलीतली एखादी लोंबी उचलायची, नखानं दाणा पाहायची आणि हळूच बांधाकडेला टाकून द्यायची. चारातली एक. बाई वळल्या की तिचे हात पुन्हा टोपलीवर.

परतताना मी तिला गाठलं. ती म्हणाली की आईंच्या डोळ्यात पडदा आला आहे, त्यांना ठिपका नीट दिसत नाही. डोळ्यांच्या शिबिरात न्यायचं म्हटलं की सुगी झाल्यावर जाऊ म्हणतात. भेसळ बियाण्यात गेली तर पुढच्या वर्षी काही लोंब्या आधी पिकतील, काही नंतर, आणि ज्या घरांचा सारा भरवसा या धानाच्या लवकर येण्यावर आहे त्यांची पंचाईत होईल. म्हणून ती गेल्या वर्षीपासून चुकीच्या लोंब्या काढून टाकते.

"आईले नका सांगजा. तिचा हात हाय, तिचं नाव हाय गावात," ती म्हणाली.

मी मानपत्राच्या मजकुराचा विचार करत होते. 'अचूक पारख' असा शब्द मी कालच वहीत लिहिला होता. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे दुसऱ्याच्या चुका पोटात घालायची मला सवय नाही. पण ही कुणाची चूक म्हणायची हेच कळेना, तेव्हा वही मिटून ठेवली.

चौदाला मी एकटीच निघायची तयारी केली. सकाळी बाई अंगणात सडा टाकत होत्या, ज्योत्स्ना पाण्याला गेली होती. बाईंनी बादली खाली ठेवली आणि विचारलं, पुण्याला जायला किती वेळ लागतो. मी सांगितलं. परत यायला? तेही सांगितलं. अठरापर्यंत परत.

"मंग येऊन जाऊ," बाई म्हणाल्या.

मी बियाण्याचं विचारलं. त्यांनी पाण्याच्या वाटेकडे एकदा पाहून घेतलं.

"ज्योत्स्ना टोपलीतून काढून टाकते. मागच्या सालापासून. मले काय समजत नाई का? मी चार टाकते अन् घरी येऊन पाह्यते त तीन. मी इथी हाय तोवर ते चोरूनच काढन, आणि चोरून केलेलं काम आपलं नाई होत."

मग तिला सरळ सांगत का नाही, मी म्हटलं.

"तोंडानं सांगतलं त नाईच म्हणन. मी नसली त करनच लागन तिले."

आणि तिच्या हातून बियाणं बिघडलं तर? बाईंनी पुन्हा बादली उचलली.

"आता मीच बिघडवून राह्यली हाव ना, बाई."

ज्योत्स्ना आली, तिला सांगितलं गेलं की म्याडमचा लय आग्रह हाय. मी आग्रही चेहरा केला. ज्योत्स्नाचा रंगच उतरला. ती मला विनवत होती की आईंना नेऊ नका, आणि मला काहीच सांगता येत नव्हतं. बाईंनी लुगडं आणि तांदळाच्या भाकरी पिशवीत भरल्या, सुधाकरभाऊंच्या मागे बसल्या आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वैनगंगेच्या पुलावर मात्र त्यांनी माझा हात धरला आणि चंद्रपूर येईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं बस लागते आहे. नंतर लक्षात आलं, त्या घाबरल्या होत्या.

सोळा तारखेचा कार्यक्रम सकाळी अकराला होता. मानपत्रातून मी 'अचूक पारख' काढून टाकलं होतं, अध्यक्षांनी ऐनवेळी पुन्हा घातलं. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्या माइकपासून हातभर लांब उभं राहून म्हणाल्या की यंदाचं बी माझ्या सुनेच्या हातचं आहे, आणि खाली येऊन बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला असावा.

शिरा वाढला जात असताना माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, ज्योत्स्नाचा. ती तलावाच्या पाळीवर उभी होती, मागे पाणी, आणि कॅमेऱ्यासमोर एक लोंबी धरलेली. सकाळपासून हीच एक घेऊन अडले आहे म्हणाली, टोक धड काळं नाही, धड पांढरं नाही. शेतातून पाळीपर्यंत एवढ्यासाठी चालत आली होती.

मी फोन बाईंना दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. आसपास दहा-बारा माणसं बशा घेऊन उभी होती.

"मले दिसत नाई, ज्योत्स्ना," बाई म्हणाल्या. "दोन साल झाले. तुले दिसते. तूच सांग मले, घेऊ का नको?"

पलीकडे ज्योत्स्नानं लोंबी स्वतःच्या डोळ्यांशी नेली आणि नखानं दाणा पाहिला. मग म्हणाली, "नको."

"मंग नको," बाई म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन शिरा खायला लागल्या. माझे डोळे भरून आले होते. ते लपवायला मी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले.

सतराला त्यांना गाडीत बसवून दिलं. वर्ध्याला सुधाकरभाऊ येणार होते. घरी येऊन कपडे धुतले, चंद्रपूरची काळी धूळ दोन पाण्यांत निघाली. पुढच्या बैठकीत मी सत्काराची तारीख बदलायचा ठराव मांडला. मे महिना घ्या म्हटलं. अन्न दिन तो अन्न दिन, असं उत्तर मिळालं आणि सभागृह पुढच्या सोळा ऑक्टोबरसाठी नोंदवलंही गेलं. मी भांडते आहे अजून. तुम्हाला त्या भागात जायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये जरूर जा, बांध्या पाहायला तोच महिना आहे. फक्त कुणाला कुठे बोलावू नका.

दिवाळीआधी ज्योत्स्नाचा फोन आला, धान निघालं म्हणून. मी विचारलं, आई परत आल्यावर काय झालं? काढण्याचे दोन दिवस तेव्हा बाकी होते. ती म्हणाली की बाई घरी न जाता फाट्यावरून सरळ शेतावर आल्या, सोबत सुधाकरभाऊ. बांधीत उतरल्या, पण धानाला हात लावला नाही.

"मी म्हणलं, आई, थकले असान, घरी जाऊन बसा," ज्योत्स्ना सांगत होती. "त म्हणते, मंग टोपली कोन धरन?"